आठ दिवसांचं रिकामं पिस्तूल

घाटमाथ्यावर धुरेवाडी म्हणून एक गाव होतं आणि त्या गावातलं शेवटचं घर लुमाजी शेलाराचं होतं. शेवटचं म्हणजे अगदी शेवटचं. घरामागे तीस पावलं टाकली की कडा. कड्याखाली काय आहे ते गावात कुणी नीट पाहिलेलं नव्हतं, कारण पाहायचं तर वाकावं लागतं आणि शहाणी माणसं तिथे वाकत नाहीत.

भादवा लागला की या गावावर धुकं बसायचं. बसायचं म्हणजे पाहुण्यासारखं ठाण मांडून बसायचं, जायचं नावच नाही. भर दुपारी हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नसत. म्हणून गावाची एक रीत होती. धुक्यात कुणाकडे जायचं तर अंगणाबाहेर थांबायचं आणि आपलं नाव, गाव मोठ्यानं सांगायचं. घरातल्या माणसानं ओ द्यायची, आणि येणाऱ्याचा पाय पायरीला लागेपर्यंत देतच राहायची. बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेले भाऊसुद्धा धुक्यात एकमेकांना ओ देत. धुक्याबाहेर आले की मग पुन्हा भांडत, तो भाग वेगळा.

ही रीत सगळ्यात जास्त लागू होती ती लुमाजीच्या घराला. घाटाची वाट चढून येणारा वाटसरू पहिल्यांदा त्याच्याच अंगणाशी पोचायचा. तिथून ओ मिळाली तर तो घरात येई, चहा पिई आणि गावात जाई. ओ मिळाली नाही तर तो नाकासमोर चालत राहणार, आणि नाकासमोर कडा होता.

लुमाजी मधाचा व्यापारी. रानातल्या लोकांकडून मध घ्यायचा आणि खाली पेठेत नेऊन विकायचा. माणूस वाईट नव्हता, पण मनानं भित्रा. त्या वर्षी घाटात दोन व्यापाऱ्यांना चोरांनी लुटलं, आणि लुमाजीची झोप उडाली. त्यात कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की हे चोर आवाजाची नक्कल करतात. बायकोच्या आवाजात हाक मारतात आणि दार उघडलं की गळा धरतात. ज्यानं सांगितलं त्यानं तरी कुठे पाहिलं होतं? पण भित्र्या माणसाला पुरावा लागत नाही.

"पिस्तूल घेतो," लुमाजी बायकोला म्हणाला. "घर राखायला होईल, अन् दसऱ्याला दरबारात नेम धरायची शर्यत असते, तिथं नारळ पण फोडता येईल."

त्याची बायको चिमा हसली. "तुमचा चेंडू कधी झाडाला लागला न्हाई, नारळ कुठनं फुटायचा?" म्हणाली. तरी लुमाजीनं दरबारातून परवाना काढला आणि पेठेत मौला शिकलगाराच्या दुकानात गेला.

मौलाचाचा म्हातारा कारागीर. तलवारींना धार लावायचा, बंदुका दुरुस्त करायचा, आणि पिस्तुलं विकायचा. विकायचा म्हणजे सहजासहजी विकायचा नाही. गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी त्याचे हात पाहायचा आणि मग चेहरा.

लुमाजीची नजर पहिल्यांदा गेली ती चांदीच्या नक्षीच्या पिस्तुलावर. "ते भिंतीसाठी हाय, शेट," चाचा म्हणाला. "माणसानं उचलायला जड हाय." मग लुमाजीनं एक इवलंसं पिस्तूल उचललं, कमरेला खोचता येईल असं. चाचानं तेही हातातून काढून घेतलं. "लहान पिस्तूल हातात नाचतं. पहिलंच घेताय ना? मग हे नको. याच्यानं नारळाऐवजी आपल्या पायाचा अंगठा फुटतो."

शेवटी त्यानं फळीवरून एक साधं पिस्तूल काढलं. ठासणीचं, लांब नळीचं, लाकडी मुठीचं, नक्षीबिक्षी काही नाही. "डोळे मिटा," तो म्हणाला. "आता त्या भिंतीवरच्या खुंटीकडं हात उचला. उघडा डोळे." लुमाजीनं डोळे उघडले तर नळी बरोबर खुंटीकडे रोखलेली. चाचानं मान डोलावली. "हे तुमच्या हाताचं. नारळासाठी पण हेच अन् घरासाठी पण हेच."

लुमाजी खूश झाला आणि दारू-गोळ्या मागू लागला. तेव्हा चाचानं आपल्या दुकानाचा नियम सांगितला. त्याच्या दुकानातून पहिलं पिस्तूल घेणाऱ्याला ते आठ दिवस रिकामं वागवावं लागे. आठ दिवसांनी गिऱ्हाईकानं परत यायचं, चाचा विचारील त्याचं खरं उत्तर द्यायचं, आणि मग सौदा.

"रिकामं हाय, पण भरलेलंच हाय असं समजून धरायचं," चाचा म्हणाला. "बोट चापाच्या बाहेर. अन् एक ध्यानात ठेवा शेट. मडक्यावर नेम धरायला काही विचारावं लागत न्हाई, कारण मडकं बोलत न्हाई. दारात जो येतो तो बोलतो. आधी विचारायचं कोण हाय. मग बघायचं. ओळखायचं. बोटाची पाळी सगळ्यात शेवटी."

लुमाजी हो हो म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष पिस्तुलात होतं.

पहिल्या दिवशी त्यानं अंगणातल्या कुंपणावर फुटकं मडकं ठेवलं आणि सकाळभर रिकाम्या पिस्तुलानं नेम धरला. दुपारी धुकं आलं. मडकं गेलं, कुंपण गेलं, अंगण गेलं. लुमाजी दार अर्धं लोटून आत बसला, पिस्तूल दाराच्या फटीकडे रोखून. चिमा भाकरी थापत होती.

तेवढ्यात वाटेवरून हाक आली. "मी हरबा, आंबेवाडीचा. वाट चुकलोय. ओ द्या कुणीतरी."

चिमा ओ द्यायला तोंड उघडणार, तर लुमाजीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप. आंबेवाडीचा हरबा ऐकलाय कधी? चोर हाय. आपण कुठं बसलोय ते कळलं की आलाच आत."

"अहो, पण मागं कडा हाय," चिमा त्याचा हात काढून कुजबुजली.

"चोराला वाट बरोबर ठाऊक असते."

हाक तीनदा आली. तिसऱ्या हाकेत रडू होतं. मग पावलं वाजली, घराच्या बाजूनं मागे गेली, आणि वाजायची थांबली. चिमा उठून मागच्या दारी गेली आणि मोठ्यानं ओ देऊ लागली. खूप वेळ देत राहिली. उलट काही आलं नाही.

"परत गेला असंल," लुमाजी म्हणाला. त्या दिवशी चिमा जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं जरा विरळ होतं. चिमाला खालच्या वाडीत बहिणीकडे जायचं होतं, बहीण बाळंत झाली होती. निघताना ती दारात थांबली. "तीन दिवसांनी मी येईन तेव्हा धुकं असंल. ओ द्याल न्हवं?"

"न्हाई देणार," लुमाजी म्हणाला. "ओ दिली की चोराला ठिकाण कळतं. तू पण गप्प ये, वाट ठाऊक हाय तुला. अन् माझ्या आवाजात कुणी हाक मारली तरी तू ओ देऊ नको. तो मीच असंन असं न्हाई."

चिमानं नवऱ्याकडे असं पाहिलं, की हा माणूस आपल्या ओळखीचा आहे की नाही अशी तिला शंका आली असावी. पदर खोचून ती निघून गेली.

त्या दुपारी लुमाजी एकटा होता. धुकं पुन्हा दाटलं, आणि कालच्याच वेळेला हाक आली. "मी हरबा, आंबेवाडीचा. वाट चुकलोय. ओ द्या कुणीतरी." शब्द तेच, आवाज तोच. फक्त काल हाक वाटेवरून आली होती, आज ती अंगणाच्या कडेवरून आली. लुमाजीच्या अंगावर काटा आला, पण त्यानं ओ दिली नाही. त्यानं कान देऊन ऐकलं. पावलांचा आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी हाक अंगणाच्या मध्यावरून आली. त्याच वेळेला, त्याच शब्दांत. आता आवाज ओलसर झाला होता. लुमाजीनं दाराला आतून अडसर घातला आणि पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं. पिस्तूल रिकामं आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याला त्याचाच आधार वाटत होता. माणूस घाबरला की काय धरील आणि कशाला चिकटेल याचा नेम नाही.

आणि आता मी सांगतो ती गोष्ट चौथ्या दिवसाची. ज्यांना भीती वाटते त्यांनी जवळ सरकून बसावं.

चौथ्या दिवशी धुकं घरात शिरलं. दाराच्या फटीतून, कौलांतून, चुलीच्या धुरांड्यातून. समोरची उतरंडही लुमाजीला दिसेना. अडसर लावलेला होता, तरी दार उघडं असल्यासारखा गार वारा अंगाला लागत होता. तो उठून पाहायला गेला तर अडसर खाली पडलेला आणि दार सताड उघडं. आणि पायरीवर कुणीतरी उभं होतं.

डोक्यावर घोंगडं घेतलेला माणूस होता. घोंगड्याच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं, पण खालची पायरी कोरडी होती. तोंड दिसत नव्हतं.

"मी हरबा," तो म्हणाला. या वेळी गाव सांगितलं नाही, वाट चुकलोय म्हणाला नाही. नुसता उभा राहिला.

विचारायचं, बघायचं, ओळखायचं. चाचाचं सगळं लुमाजी विसरला. बोट आपोआप चापावर गेलं आणि त्यानं चाप ओढला. खट् असा आवाज झाला. रिकाम्या पिस्तुलाचा आवाज तो केवढा, पण लुमाजीला वाटलं घर हादरलं.

तो माणूस हलला नाही. त्यानं फक्त मान वळवली, वाटेकडे. कारण वाटेवरून दुसरी हाक आली होती.

"मी चिमा. आले हो."

चिमा एक दिवस आधी आली होती. गप्प ये म्हणून सांगितलं होतं, पण जन्मभराची सवय, तिनं अंगणाबाहेर थांबून हाक मारलीच. लुमाजीनं ओ द्यायला तोंड उघडलं. पण त्याच्याआधी पायरीवरच्या माणसानं ओ दिली.

"ओ. ओ. हिकडं ये."

तो आवाज लुमाजीचा होता. हुबेहूब. लुमाजीनं स्वतःचा आवाज स्वतःच्या बाहेरून ऐकला. घोंगडंवाला पायरी उतरला आणि घराच्या बाजूनं मागे चालू लागला, कड्याकडे. चालता चालता ओ देत होता. "ओ. हिकडं ये, चिमे. हिकडं."

"दिली की ओ अखेर," धुक्यातून चिमाचा आवाज आला. तिला बरं वाटलं होतं, ते आवाजात कळत होतं. ती त्या आवाजाच्या रोखानं चालू लागली.

आता लुमाजी दारातून ओरडला. "चिमे, थांब. तिकडं जाऊ नको. मी हितं हाय, दारात."

"मी हितं हाय," मागून तोच आवाज म्हणाला. "हिकडं ये."

चिमा थांबली. दोन आवाज, दोन्ही नवऱ्याचे, एक डावीकडून, एक उजवीकडून. नवऱ्यानं काय शिकवलं होतं ते तिला आठवलं. ती गप्प झाली.

लुमाजीनं हाका मारल्या. शपथा घातल्या. तिच्या माहेरच्या म्हशीचं नाव सांगितलं. पलीकडून तेच नाव तसंच परत आलं. चिमाची ओ काही आली नाही. ती कुठे उभी आहे हे आता तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि लुमाजीला कळून चुकलं, की तिला गप्प राहायला आपणच शिकवलं आहे.

त्यानं पिस्तूल फेकून दिलं आणि तो धावला. दार, पायरी, अंगण, काही बघितलं नाही. ती ओ जिथून येत होती तिकडे धावला. चिमा तिथे पोचण्याआधी आपण मध्ये उभं राहायचं एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कडा किती पावलांवर आहे हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं, पण धावताना पावलं कोण मोजतं.

"थांबा." अगदी जवळून आवाज आला. "कोण असाल ते असा. पुढं कडा हाय."

लुमाजी थांबला. टाच जमिनीवर होती आणि बोटांखाली काही नव्हतं. खालून वर येणारा वारा त्याच्या तोंडावर लागला. मागून एका हातानं त्याची बंडी धरली आणि त्याला जोरानं मागे ओढलं. दोघंही गवतात पडली. पुढची ओ मात्र थांबली नाही. ती खाली खाली गेली आणि बंद झाली.

लुमाजी उठून बसला आणि म्हणाला, "मी हाय हे तू ओळखलंस?"

"कुठलं ओळखतेय," चिमा म्हणाली. "कड्याचा वारा लागला तशी मी जागीच उभी ऱ्हायले. मग कुणीतरी धावत येतंय असं वाटलं. धनी कुठला अन् चोर कुठला, मला काय कळणार?"

"मग बोललीस का? मी तर गप्प ऱ्हा म्हणून सांगितलं हुतं."

"चोर असता तरी पडू द्यायचा का?" चिमा म्हणाली.

लुमाजी तिथेच गवतात बसून लहान पोरासारखा रडला.

दोन दिवसांनी धुकं उठलं. गावकऱ्यांनी दोर लावले आणि आजवर कुणी पाहिलं नव्हतं तिथे माणसं उतरली. कारवीच्या झुडपात एक घोंगडं अडकलेलं सापडलं आणि त्याच्या खाली हरबा. पाच-सहा दिवसांपूर्वी पडलेला, असं उतरलेल्या माणसांनी सांगितलं. आंबेवाडीला निरोप गेला. तिथून त्याचा म्हातारा बाप आला. लेक नव्या सुनेला माहेरून आणायला निघाला होता, म्हणाला. धुरेवाडीत ओ देतात, म्हणून धुक्यातही निघाला होता. लुमाजीनं त्या म्हाताऱ्याचे पाय धरले आणि खरं काय ते सगळ्या गावासमोर सांगितलं. म्हाताऱ्यानं पाय सोडवून घेतले आणि लेकाचं घोंगडं खांद्यावर टाकलं, आणि ते लुमाजीला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर ती हाक पुन्हा आली नाही.

आठवा दिवस भरला तसा लुमाजी पेठेत गेला आणि त्यानं पिस्तूल मौलाचाचासमोर ठेवलं. चाचा प्रत्येक गिऱ्हाईकाला जे विचारायचा तेच त्यानं विचारलं.

"किती वेळा चाप ओढला, शेट?"

"एकदा."

"कुणावर?"

"आधीच मेलेल्या माणसावर."

असं उत्तर चाचाला आजवर कुणी दिलं नसावं. "पिस्तूल तर रिकामं होतं. मग तो मेला कशानं?"

लुमाजीनं त्या साध्या, लांब नळीच्या पिस्तुलाकडे पाहिलं. "त्यानं तीनदा हाक मारली हुती, चाचा," तो म्हणाला. "मी हे हातात धरून बसलो हुतो, म्हणून ओ दिली न्हाई."

तात्पर्य सांगायचं तर इतकंच: शस्त्र घ्यायचं तर आधी 'कोण आहे' म्हणून विचारायला शिकावं, कारण भीतीनं गप्प बसलेला माणूस चाप न ओढताही जीव घेतो.